ठकूला किती दुखतं

मार्गासनी,
सोमवार, ६ डिसेंबर १९३७

प्रिय हलिमा,

सप्रेम नमस्कार. पत्र घेऊन आलेत ते आमचे हे, आणि त्यांच्या खांद्यावर आहे ती ठकू. तू तिला बारशाला पाहिलं होतंस. आता पाचवं वर्ष चालू आहे.

काल खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. ठकू पेंढ्यात खेळत होती. ओढ्याकडून एक कुत्रं आलं, तोंडाला लाळ, चाल वेडीवाकडी. आधी ते चुलत सासऱ्यांच्या वासराला चावलं आणि मग ठकूच्या पोटरीला. माणसांनी तिथंच त्याला मारलं. सासूबाईंनी जखम धुऊन हळद भरली आणि म्हणाल्या, झालं, आता काही होत नाही. पण आपण शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा मास्तरांनी पिसाळलेल्या कुत्र्याचं जे सांगितलं होतं ते मी विसरलेले नाही. रात्रभर ह्यांच्यामागं लागले, तेव्हा हे सकाळी निघाले.

तू भोरच्या दवाखान्यात नर्स आहेस हाच मला आधार. पोटात रोज एक सुई, अशा दोन-अडीच आठवडे घ्याव्या लागतात असं ऐकते. ठकू भोरात माझ्या बाळाआत्याकडं राहील. मला यायला हवं होतं, पण धाकटा नऊ दिवसांचा आहे आणि मला अजून धड उभं राहवत नाही. हे तिला पोचवून परत येतील, खळं अर्धं पडलंय.

तेव्हा हलिमा, तिच्याजवळ माझ्या जागी तू. दोन दिवसांनी तरी चार ओळी लिही. तुझ्या भावाच्या, इब्राहीमभाईंच्या मोटारीतून चिठ्ठी नसरापूरपर्यंत आली की तिथल्या वाण्याच्या दुकानातून आमच्या गावची एखादी बैलगाडी ती आणील. आणि मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. जे असेल तेच लिही.

तुझी,
रतन


भोर,
८ डिसेंबर १९३७

प्रिय रतनला हलिमाचा सलाम.

बाळंतिणीनं काळजी करायची नाही, हे पहिलं. ठकू सुखरूप पोचली. लस पुण्याहून मागवलेली होती ती वेळेवर आली, आणि सोमवारी संध्याकाळीच पहिली सुई झाली. जखम डॉक्टरांनी पुन्हा स्वच्छ केली. खोल नाही.

तू खरं लिही म्हणालीस तर खरं लिहिते, तुझी मुलगी फार शहाणी आहे. मी दवाखान्यात इतकी वर्षं आहे, पण असं पोर पाहिलं नाही. एवढी मोठी सुई, बेंबीच्या बाजूला कातडी चिमटीत धरून टोचायची, मोठी माणसं आई आई करतात. ठकू एकदाही रडली नाही. हूं का चूं नाही. पहिल्या दिवशी दाजींनी तिचे हात धरले होते, काल आत्यांनी धरले, पण धरायची गरजच नव्हती. डॉक्टर म्हणाले, "पाहा, लहान मुलांना तसं फारसं जाणवत नाही. मोठ्यांनी घाबरवलं नाही म्हणजे झालं." मलाही तेच वाटत आलंय. पोरं रडतात ती भीतीनं. आपण झटपट उरकावं आणि हातावर बत्तासा ठेवावा.

ईदच्या शेवया थोड्या उरल्या होत्या. आमच्या घरचं खाल्लेलं आत्यांना चालतं की नाही म्हणून मी विचारलं. आत्या म्हणाल्या, "पोरीला सुया तुझ्या दवाखान्यात चालतात, मग शेवयांनी काय केलंय?" वाटीभर खाल्ल्या तिनं. आमच्या शेळीला करडू झालंय, त्याच्यामागं दिवसभर असते.

निश्चिंत राहा. धाकट्याला माझा पापा.

तुझी,
हलिमा


मार्गासनी,
१० डिसेंबर १९३७

प्रिय हलिमा,

पत्र काल पोचलं. शेवयांचं वाचून हसले.

ठकू रडली नाही म्हणतेस. हलिमा, ती पोर दिवसभर रडते. भाकरी वाकडी मोडली म्हणून रडते. करवंदीचा काटा टोचला तर अख्खी आळी गोळा करते. पण मागच्या वैशाखात बैलाचा पाय तिच्या पावलावर पडला होता. संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात गप बसली होती. मी उचलायला गेले तेव्हा पाऊल वांग्यासारखं झालेलं दिसलं. तेव्हाही ती रडली नाही. मी खूप वेळ मांडीवर घेतल्यावर मग रडली.

थोडं दुखलं की ती ओरडते. फार दुखलं की गप्प होते. हे मला ठाऊक आहे, तुला कुठून असणार. म्हणून सांगते, तिच्या आवाजाकडं लक्ष देऊ नकोस. तिच्या हातापायाकडं बघ. करडाच्या मागं धावते म्हणजे बरी आहे असंही समजू नकोस.

एक विचारायचं आहे. ह्यांच्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं ते पुण्यात कापलं, तेव्हा डॉक्टरनं आधी काहीतरी गार फवारलं होतं. हे म्हणतात, जागा लाकडासारखी झाली आणि कापलेलं कळलंच नाही. असलं औषध तुमच्याकडं आहे का? असेल तर ते मोठ्यांनाच का?

आज बारसं झालं. कोंडिबा नाव ठेवलं, आजेसासऱ्यांचं. बायका गाणी म्हणत होत्या आणि माझं चित्त भोरात.

तुझी,
रतन


भोर,
१२ डिसेंबर १९३७

प्रिय रतन,

तुझं पत्र शनिवारी सकाळी इब्राहीमनं आणून दिलं. मी ते तीनदा वाचलं.

त्या दिवशी मी ठकूच्या तोंडाकडं बघितलंच नाही. पायाकडं बघितलं. सुई आत गेली तेव्हा पायाची बोटं तळव्यात अशी वळली की पांढरी पडली. हाताची नखं स्वतःच्याच अंगठ्यात रुतलेली. मान भिंतीकडं. श्वास धरून ठेवलेला, तो सुई काढल्यावरही बराच वेळ सोडला नाही. आवाज नाही, हे खरंच. पण तिला जाणवत नाही असं आता मला कुणी सांगितलं तर मी मान डोलावणार नाही.

आज मोठाच घोटाळा झाला. सुईची वेळ झाली आणि ठकू सापडेना. आत्या नदीच्या घाटापर्यंत जाऊन आल्या, इब्राहीम मोटार सोडून आळीआळीतनं फिरला. माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. शेवटी मी घरी आले तर आमच्या शेळीच्या खोपटात, चाऱ्यामागं, करडू मांडीवर घेऊन बसलेली.

मी म्हटलं, "ठकू, तू लपलीस ती माझ्याच घरात? सुई देणारी तर मीच."

ती म्हणाली, "तू तिकडं टोचतीस. हितं न्हाई टोचत."

मी तिच्याजवळ चाऱ्यात बसले. विचारलं, "लई दुखतं का गं?" तिनं मान हलवली, हो म्हणून. विचारलं, "मग सांगत का नाहीस?" तर म्हणते, "तुमी समदे म्हणता, दुखत न्हाई."

मी तिच्या केसांतला चारा काढला.

तिला घेऊन दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना तुझ्या पत्रातलं सगळं सांगितलं. ते मनाचे चांगले आहेत, तरुण आहेत, ऐकून घेतात. तो गार फवारा आमच्याकडं आहे. काचेची नळी, तोंडाशी छोटी कळ, दाबली की बारीक धार येते आणि कातडी पांढरी पडून गोठते. गळवं फोडताना वापरतो, मोठ्यांना. डॉक्टर म्हणाले, "पोरांना त्या गारीचीच भीती वाटते. उपयोग होईल असं मला वाटत नाही. पण करून पाहू."

करून पाहिलं, आणि काय झालं ते खरं सांगते. धार पोटावर पडताच ठकू अशी किंचाळली की बाहेर बसलेले लोक आत डोकावले. सुईच्या वेळी किंचाळली नव्हती ती फवाऱ्याला किंचाळली. मग सुई गेली, पण ती इतकी रडत होती की दुखलं की नाही कुणाला कळणार? डॉक्टर म्हणाले, "बघितलंत?"

बाहेर बसलेल्यांत तुमच्या शेजारच्या पासली गावचा एक माणूस होता. तो गावाकडं काय सांगेल कोण जाणे, म्हणून आधीच लिहिते.

हलिमा


मार्गासनी,
१३ डिसेंबर १९३७

प्रिय हलिमा,

तुझ्या पत्राआधी पासलीचा माणूस पोचला. त्यानं सांगितलं की पोरीला बर्फानं भाजतात आणि ती रडून निळी होते.

मला मात्र ती किंचाळली हे वाचून हायसं वाटलं. वेड्यासारखं वाटेल तुला. पण गार लागलं म्हणून ओरडली म्हणजे ते तिला सोसण्यातलं होतं. आणि न सांगता पोटावर गार धार सोडली तर मीसुद्धा ओरडेन. तिला आधी दाखवलं होतं का तुम्ही?

इथं वेगळीच आग लागली आहे. सासूबाई म्हणतात, जखम भरली, वासरू धडधाकट चरतंय, मग पोरीचे हाल कशाला. ह्यांचंही मन डळमळलंय. आज जेवताना म्हणाले, "म्या स्वतः धरलं हुतं तिला पयल्या दिशी. माज्याकडं अशी बगत हुती जणू म्याच टोचतोय. गुरुवारी जाऊन घिऊन येतो." अर्ध्या सुया झाल्यात, अर्ध्यावर सोडून चालत नाही, हे मी सांगितलं. ते म्हणाले, "तू बगितलं न्हाईस तिला."

ते खरंच आहे. मी बघितलं नाही.

हलिमा, तिला कमी दुखतंय असं मी ह्यांना सांगू शकले तर ते थांबतील. पण मी खोटं सांगणार नाही. तो फवारा खरंच दुखणं काढतो, का नुसता आपलं समाधान करतो? पोर गप्प झाली म्हणजे गुण आला असं मला आता कुणी सांगू नये. हे गुरुवारी येतील. त्याआधी किंवा त्यांच्यासमोर, पण छडा लाव.

रतन


भोर,
शनिवार, १८ डिसेंबर १९३७

प्रिय रतन,

ठकू इथंच आहे आणि सुया चालू आहेत. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं निवांत वाचशील. दाजी उद्या सकाळी निघतील, पत्र त्यांच्याबरोबरच देते.

तुझं पत्र मी डॉक्टरांना वाचून दाखवलं. दाखवू नये असं काही त्यात नव्हतं. ते म्हणाले, "बाईंनी प्रश्न बरोबर विचारलाय. मलाही उत्तर माहीत नाही. पुस्तकात मोठ्यांचं लिहिलंय." आणि खुर्ची पुढं ओढून बसले, परीक्षेला बसल्यासारखे.

आधी आम्ही ठकूला फवारा दाखवला. मी माझ्या मनगटावर मारून घेतला, डॉक्टरांनी त्यांच्या. मग तिच्या बोटाच्या टोकावर एक थेंब. ती म्हणाली, "विंचवावाणी गार." विंचू गार असतो हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. पण हसली. मग तिनं करडाच्या कानावर मारायला सांगितलं, ते मात्र आम्ही केलं नाही.

आता ती गप्प राहते, तर कळायचं कसं? मी आत्यांच्या फडताळातून चिंचोके आणले. वाटी तिच्यापुढं ठेवली आणि सांगितलं, दुखलं तितके चिंचोके वाटीत टाकायचे. मुळीच नाही दुखलं तर एकही नाही, लई दुखलं तर सगळे. तोंडानं काही बोलायचं नाही. हे तिला फार आवडलं. सराव म्हणून मी तिला चिमटा काढला, तर एक टाकला. आत्यांनी कान ओढला, तर दोन टाकले आणि आत्यांकडं रागानं बघितलं.

डॉक्टर म्हणाले, नुसता फवारा मारून भागणार नाही. मुलांचे लाड झाले, कौतुक झालं की त्यानंही दुखणं कमी वाटतं. म्हणून काही दिवस खरं औषध आणि काही दिवस नुसतं गार पाणी मारू, आणि कुठलं ते तिला सांगायचं नाही. हे मला पटेना. आत्ता कुठं माझ्याशी बोलू लागलेलं पोर, त्याला मी फसवायचं? मी म्हटलं, करायचं तर तिला विचारून. डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशा पोराला काय विचारणार?" तरी विचारलं. सांगितलं, ठकू, कधी औषध असेल, कधी माठातलं पाणी. तू डोळे मिटायचेस. पाण्याच्या दिवशी जास्त दुखेल. चालेल का? नको असलं तर नको म्हण.

तिनं पुष्कळ विचार केला. म्हणाली, "पान्याच्या दिशी तुजा हात दाबीन. जोरात." मी म्हटलं, दाब, सुई डॉक्टर देतील.

आमच्या घरी लग्नकार्यात वापरतात ती गुलाबदाणी आहे, तिच्यात माठातलं गार पाणी भरलं. मंगळवारी पाणी. तिनं माझा हात असा दाबला की अजून दुखतोय, आणि चिंचोके मुठीनं टाकले, दोन खाली सांडले ते उचलून टाकले. बुधवारी औषध. तीन चिंचोके. तिन्ही सावकाश, विचार करून. डॉक्टर म्हणाले, एकदा होऊन भागत नाही. गुरुवारी पुन्हा पाणी.

आणि नेमके त्याच वेळी दाजी दारात उभे राहिले. पाण्याचा दिवस, त्यामुळं ठकूचं तोंड पांढरं, हात माझ्या हातात रुतलेला. दाजींनी तिला उचललं आणि म्हणाले, "चल, घरी जायचं."

रतन, मला वाटलं सगळं संपलं. डॉक्टर समजावू लागले तर दाजी त्यांच्याकडं बघेनात. तेव्हा ठकूच म्हणाली, "दादा, आज पानी हुतं. उद्या औशद हाय. औशदाला एवढं न्हाई दुखत." आणि वाटीकडं बोट दाखवलं. दाजींना वाटीचं काय कळणार? मी सगळं सांगितलं.

ऐकून म्हणाले, "पोर तुमाला बरं वाटावं म्हनून कमी टाकत आसंल." बरोबर शंका होती, मी नाही म्हणणार नाही. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, बाही वर करायला लावली, डोळे मिटायला सांगितले. दोन जागी सुई टोचली. एका जागी आधी पाणी, एका जागी औषध. पाण्याच्या जागी दाजींचा खांदा उडाला. औषधाच्या जागी काही नाही. डोळे उघडून म्हणाले, "दुसऱ्या टायमाला टोचल्यालं कळलं, दुखल्यालं न्हाई."

शेजारी ठकू बसली होती. तिनं त्यांच्यापुढं वाटी सरकवली. तुझा नवरा, एवढा दणकट माणूस, गंभीर तोंडानं चिंचोके मोजत बसला.

काल आणि आज दाजींच्या समोर औषध मारून सुई झाली. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, जसं आहे तसं.

फवारा टोचणं काढतो. हे खरं आहे, समजूत नाही. पण लस आत भरते ते दुखणं कातडीखालचं असतं, तिथवर फवारा पोचत नाही. ते उरलेले दोन-तीन चिंचोके त्याचे. डॉक्टरांनी शुक्रवारपासून लसीची बाटली आधी मुठीत धरून कोमट केली आणि पिचकारी अगदी सावकाश दाबली, तर एक चिंचोका कमी झाला. आज एकच पडला. त्याहून कमी होईल असं वाटत नाही. तो एक राहणार. फवारा जास्त वेळ धरला तर कातडी भाजते, म्हणून बेतानं मारावा लागतो, त्यामुळं कधी पुरता लागत नाही. हेही लक्षात ठेव.

पाण्याचे दिवस संपले. आता सगळे औषधाचे. डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं, "कळायचं ते कळलं. आता पोरीला अजून कशाला दुखवायचं?"

तुझी,
हलिमा


मार्गासनी,
२० डिसेंबर १९३७

प्रिय हलिमा,

हे काल संध्याकाळी आले. मी वाट बघत होते की पोर खांद्यावर आहे की नाही. नव्हती. मी आत जाऊन धाकट्याला घट्ट धरलं.

सासूबाईंनी विचारलं, पोर कुठाय. हे म्हणाले, "सुया पुऱ्या करून यील." त्या म्हणाल्या, अन् दुखतंय त्याचं काय? तेव्हा ह्यांनी बाही वर करून दोन ठिपके दाखवले आणि सगळं असं सांगितलं की बाहेरच्या ओट्यावर शेजारचे येऊन बसले. पासलीचा माणूसही होता. त्याला म्हणाले, "बरफानं भाजत न्हाईत. हात फुडं कर, तुला सांगतो." तो गेला उठून.

आणि एक सांगायचं राहिलं. ते धडधाकट वासरू परवापासून खात नाही. काल त्यानं दावं तोडलं आणि गव्हाणीला डोकं आपटत राहिलं. चुलत सासऱ्यांनी त्याला शेतात नेलं. पुढचं लिहवत नाही. सासूबाई सकाळपासून देवासमोर बसून आहेत. मघाशी मला म्हणाल्या, "ठकीच्या किती ऱ्हायल्या गं?" मी म्हटलं, थोड्याच. म्हणाल्या, "एक बी चुकवू नकु म्हनावं."

तुझा हात बरा आहे का?

रतन


भोर,
२३ डिसेंबर १९३७

प्रिय रतन,

मंगळवारी शेवटची सुई झाली होती, पण डॉक्टरांनी जखम आणि पोट बघायला दोन दिवस ठेवून घेतलं. वासराचं तुझं पत्र वाचल्यावर मीही म्हटलं, ठेवा. आज ती मोकळी. इब्राहीम स्वतः तिला नसरापूरपर्यंत मोटारीत पुढं बसवून नेईल. दाजींना गाडी घेऊन तिथं यायला सांग. डॉक्टर म्हणतात, सगळ्या सुया वेळेत झाल्या, जखम पायाला होती आणि उथळ होती, काळजीचं कारण दिसत नाही. वर्षभर लक्ष मात्र ठेवायचं.

शेवटच्या दिवशी तिनं एक चिंचोका टाकला, मग तो परत काढला आणि अर्धा तोडून द्या म्हणाली. चिंचोका काही तुटेना. शेवटी डॉक्टरांनी टाचणवहीत "अर्धा" असं लिहिलं, तेव्हा तिचं समाधान झालं.

आता दवाखान्यात थोडं बदललंय. परवा एका कुंभाराच्या मुलाच्या मांडीवरचं गळू फोडायचं होतं, सहा-सात वर्षांचा. डॉक्टरांनी मला काही न सांगता आधी फवारा त्याच्या हातात दिला बघायला. गळू मोठं होतं, आतलं दुखणं राहिलंच, पोरगा रडला. पण पहिल्या कापाला रडला नाही, त्याचं त्यालाच नवल वाटलं. काल सहा महिन्यांचं एक बाळ आलं होतं. त्याला फवारा मारायचा की नाही हे आम्हा दोघांनाही ठरवता आलं नाही. एवढी कोवळी कातडी भाजली तर? आणि त्याला विचारायचं कसं? शेवटी नाही मारला. आईच्या पदराखाली, अंगावर पाजता पाजता सुई दिली. रडलं, पण लवकर थांबलं. ते थांबणं म्हणजे काय, हे मला आता पहिल्यासारखं ठामपणे सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "बघत राहू."

करडू तिला देऊन टाकलं असतं, पण ते अजून पितं आहे. आत्या रडल्या. मी नाही रडले, मी दवाखान्यात होते, तिथं रडून चालत नाही. घरी आल्यावर खोपट रिकामं बघितलं तेव्हाचं विचारू नकोस.

तुझी,
हलिमा


मार्गासनी,
९ जानेवारी १९३८

प्रिय हलिमा,

उशीर झाला, रागावू नकोस. घरात दोन पोरं आणि भात सडायचं काम.

ठकू बरी आहे. खाते, पिते, पाण्याला घाबरत नाही. सासूबाई रोज सकाळी तिला तांब्याभर पाणी आपल्यासमोर प्यायला लावतात आणि ती प्यायली की मग चहा घेतात. मी त्यांना काही म्हणत नाही. मीसुद्धा दारामागून बघतच असते.

तिनं भोरचं काय काय सांगितलं असेल असं तुला वाटतं? मोटार कशी ओरडते, पुढं बसलं की झाडं कशी अंगावर येतात, इब्राहीममामा चढाला मोटारीला शिव्या कशा देतो, शेळीची धार कशी काढायची. गावातल्या पोरांना तिनं नदीवरचा घाट एवढा मोठा सांगितलाय की ती आता भोर म्हणजे मुंबईच समजतात. सुयांचं एक अक्षर नाही. मी विचारलं नाही. वाटलं, विसरली असेल तर विसरू दे.

काल संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते, ती पाटावर बसून पिठाची चिमणी करत होती. धाकटा झोपला होता, हे अजून रानातच होते. घर असं शांत फार दिवसांनी होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "ठकू, त्या सुया दुखायच्या का गं?"

तिनं चिमणीची चोच नीट केली. म्हणाली, "व्हय. दुखायच्या."

मी म्हटलं, "औषधाच्या दिवशी पण?"

"थोडं दुखायचं. पन म्या सांगितलं की समदे ऐकायचे."

मग चिमणी तव्याच्या कडेला ठेवायला म्हणून पुढं आली आणि माझ्या पाठीला टेकून उभी राहिली. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. जळली. ती आम्ही दोघींनी खाल्ली, गूळ लावून.

ह्या गाडीनं आंबेमोहोर पाठवते आहे, नवा आहे, भात करताना पाणी बेताचं घाल. अर्धा आत्यांना दे, थोडा डॉक्टरांकडं पोचव. माझे चाळीस दिवस परवा पुरे झाले. संक्रांतीनंतर मी दोन्ही पोरांना घेऊन माहेरी, आत्याकडं येणार आहे, हे सोडायला येतील. धाकट्याला देवी टोचून घ्यायची राहिली आहे. ती तुझ्याच हातून टोचायची असं ठकूनं ठरवलंय, आणि त्याला मांडीवर ती घेणार आहे.

तुझी,
रतन